मोटार का तापते?

मे महिन्यातील दुपार. खोपोली मागे पडली आहे आणि बोरघाटाची चढण सुरू झाली आहे. मामांची जुनी मोटार पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत वर चढते आहे. तापमान दाखवणारा काटा हळूहळू तांबड्या पट्ट्याकडे सरकतो. थोड्याच वेळात बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागते. मामा गाडी कडेला घेतात, बोनेट उघडतात आणि हातात फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे वळतात.

"मामा, थांबा!" असे ओरडणारा एखादा भाचा अशा वेळी गाडीत हवाच. ते का, हे आपण पुढे पाहू. आधी मूळ प्रश्न घेऊ. मोटार तापते म्हणजे नेमके काय होते? आणि बिघाड कोठे आहे हे एकही सुटा भाग न बदलता, केवळ निरीक्षणाने आणि विचाराने ओळखता येईल का?

उष्णता येते कोठून?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते तेव्हा क्षणभर तेथील वायूंचे तापमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि ओतीव लोखंड साधारण १२०० अंशांना. असे असूनही ॲल्युमिनियमचा दट्ट्या आणि लोखंडी सिलिंडर वितळत नाहीत, कारण त्यांना मिळालेली उष्णता सतत काढून नेली जाते.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी ३० लाख जूल उष्णता मिळते. तिच्यापैकी जेमतेम पाव हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. उरलेली घर्षणात आणि इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून हवेत जाते.

आता मामांच्या मोटारीचा हिशेब करू. माणसे व सामान धरून तिचे वजन १२०० किलोग्रॅम आहे असे समजा. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे ५५० मीटरांचा आहे. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर नुसते वर चढण्याचे कार्य

१२०० × १० × ५५० = ६६ लाख जूल.

पेट्रोलमधील ऊर्जेचा पाव हिस्साच कामी येतो. म्हणून त्यासाठी याच्या चौपट, म्हणजे २६४ लाख जूल देणारे पेट्रोल जाळावे लागेल. हे पेट्रोल पाऊण लिटराहून थोडेसेच अधिक भरते. या उष्णतेचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८८ लाख जूल, पाण्यात जाईल. गाडीत ६ लिटर पाणी असेल, तर ते ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला

६००० × ७० × ४.२ = सुमारे १७.६ लाख जूल

पुरतात. म्हणजे हा एक घाट चढताना इंजिन जी उष्णता पाण्याला देते, तिने ते सगळे पाणी पाच वेळा उकळीला आणता येईल! तरीही चांगल्या स्थितीतील गाडीत पाणी उकळत नाही. याचे श्रेय इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला आहे.

पाण्याची फेरी

पाणी या कामासाठी निवडले गेले याचे कारण त्याची मोठी विशिष्ट उष्णता. एक ग्रॅम लोखंड जेवढ्या उष्णतेने नऊ अंश तापते, तेवढीच उष्णता घेऊन एक ग्रॅम पाणी फक्त एक अंश तापते. म्हणजे थोडे पाणी पुष्कळ उष्णता उचलून नेऊ शकते.

सिलिंडरांच्या भोवती ओतकामातच पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतून पाणी खेळते. तापलेले पाणी वरच्या रबरी होज पाइपमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते. तेथून ते अनेक बारीक, चपट्या नळ्यांतून खाली उतरते. नळ्यांना धातूच्या पातळ पत्र्यांच्या झालरी जोडलेल्या असतात. त्यांच्यामुळे हवेला लागणारे क्षेत्रफळ खूप वाढते. निवालेले पाणी खालच्या पाइपमधून पंपाकडे जाते आणि पंप ते पुन्हा इंजिनात लोटतो.

'रेडिएटर' या नावाचा अर्थ प्रारण करणारा असा आहे. पण हे नाव थोडे फसवे आहे. त्यातली बहुतेक उष्णता प्रारणाने जात नाही. झालरींमधून वाहणारी हवा ती घेऊन जाते. म्हणूनच रेडिएटरच्या मागे पंखा असतो. बहुतेक जुन्या मोटारींत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच दांड्यावर असतात व इंजिन त्यांना एका पट्ट्याने फिरवते. हाच तो फॅनबेल्ट.

अगदी सुरुवातीच्या काळातील अनेक मोटारींना पंप नव्हता. फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाड्यांपैकी बहुतेक गाड्यांत गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड पाणी खाली येते, या अभिसरणाच्या तत्त्वावरच काम भागत असे.

या फेरीच्या वाटेवर एक दारवान बसवलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. त्यात मेणाने भरलेली एक छोटी डबी असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते व पाणी रेडिएटरकडे जात नाही. त्यामुळे इंजिन लवकर गरम होते. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते.

झाकण की कुकरची शिटी?

रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नव्हे. त्यात स्प्रिंगने दाबलेली झडप असते. घरातल्या प्रेशर कुकरचे तत्त्व येथेही आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. जुन्या मोटारींतील झाकण बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला सुमारे ७ पौंड अधिक दाब धरून ठेवत असेल, तर आतील पाणी १११ अंशांच्या आसपास उकळते. १५ पौंडांच्या झाकणात ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. घाटात याचा विशेष उपयोग होतो. लोणावळ्याच्या उंचीवर उघडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते.

झाकणाची रबरी चकती झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही. मग बाकी सारे ठीक असूनही पाणी लवकर उकळते.

आता फडके घेऊन पुढे सरसावलेल्या मामांकडे वळू. समजा, आतील ६ लिटर पाणी दाबाखाली ११० अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो. ते पाणी १०० अंशांवर येईपर्यंत ६००० × १० × ४.२ म्हणजे अडीच लाख जूल उष्णता मोकळी होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६० जूल लागतात. म्हणजे सुमारे ११० ग्रॅम पाण्याची एकदम वाफ होते. एका ग्रॅम पाण्याची वाफ १.७ लिटर जागा व्यापते. हिशेब करा. क्षणार्धात जवळजवळ १९० लिटर वाफ त्या लहानशा तोंडातून उकळते पाणी उडवीत बाहेर पडते, तीही वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर! हातातल्या फडक्याने हे अडत नाही. म्हणून नियम एकच. इंजिन गार होईपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावायचा नाही. कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. त्यावर बर्फ, शाई, टूथपेस्ट असे काही लावू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

पहिला प्रश्न : गाडी केव्हा तापते?

गॅरेजमध्ये गेल्यावर पुष्कळ जण म्हणतात, "गाडी तापते, बघा जरा." चांगला मिस्त्री लगेच पाने काढत नाही. तो आधी विचारतो, "केव्हा तापते?" या एका प्रश्नाने अर्धे निदान होते. वैद्यही ताप सकाळी येतो की संध्याकाळी, हे आधी विचारतोच की!

गाडी गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की निवते. अशा वेळी शंका हवेवर घ्यावी. धावताना वारा आपोआप मिळतो, उभे असताना मात्र पंख्यावरच भिस्त असते. पट्टा ढिला आहे का, पंख्याचे पाते मोडले आहे का, ते पाहावे. इंजिन बंद असताना पट्टा दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाबला, तर तो साधारण एक ते दीड सेंटीमीटर लवावा. पट्टा तुटलाच, तर पंखा आणि पंप दोन्ही थांबतात. पुष्कळ गाड्यांत वीज निर्माण करणारा डायनामोही त्याच पट्ट्यावर असतो. म्हणून तापमानाच्या काट्याबरोबर बॅटरीचा तांबडा दिवाही लागतो. दोन लक्षणे, पण कारण एकच!

गाडी गर्दीत ठीक असते, पण चढावर किंवा वेगात तापते. म्हणजे हवा पुरेशी आहे. उष्णता जास्त निर्माण झाली की मात्र ती काढून नेण्याची ताकद अपुरी पडते. येथे पाण्याच्या वाटेकडे पाहावे. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्या असतील, झालरींत किडे व चिखल अडकला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल. खालचा होज पाइप जुना होऊन मऊ पडला असेल, तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. उभ्या गाडीत तो अगदी चांगला दिसतो. इंजिनाची गती वाढवली की मात्र आत ओढला जातो. ठिणगी उशिरा पडत असेल, तरीही इंजिन अधिक तापते. आणि ब्रेक चाकाला घासत असेल, तर इंजिनाला विनाकारण जास्त काम पडते. अशा वेळी एकच चाक इतरांपेक्षा गरम लागते.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते. पाणी फिरतच नाही असे समजावे. पाणी फार कमी असेल, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल किंवा पंप निकामी झाला असेल.

पाणी वरचेवर कमी होते. गळती बाहेर आहे की आत, ते शोधावे. बाहेरची गळती जमिनीवर, पाइपांच्या जोडांवर किंवा पंपाखाली ओल दाखवते. आतली गळती दिसत नाही. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते फाटले की पाणी सिलिंडरात किंवा तेलात जाते. तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होतो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. थंड इंजिन झाकण काढून सुरू केले, तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. हे बुडबुडे म्हणजे सिलिंडरातून निसटलेले वायू.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. तापमान मोजणारे टोक पाण्यात बुडलेले असेल तरच ते खरे सांगते. पाणी फार उतरले आणि ते टोक उघडे पडले, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. तांबड्या पट्ट्यात गेलेला काटा अचानक खाली आला, तर आनंद मानू नये. गाडी थांबवावी.

मामांच्या गाडीचे निदान

आता घाटातील त्या मोटारीवर हे तर्कशास्त्र चालवू. पनवेलच्या गर्दीत अर्धा तास रखडूनही ती तापली नव्हती. म्हणजे पंखा व पट्टा निर्दोष. खोपोलीपर्यंत सपाट रस्त्यावरही काटा जागेवर होता. म्हणजे थर्मोस्टॅट पूर्ण बंद अडकलेला नाही आणि पंपही फिरतो आहे. चढ लागल्यावरच ती तापली. शंका रेडिएटरवर जाते.

बरोबरचे एक गृहस्थ सांगतात, "थर्मोस्टॅट काढून टाका, म्हणजे कटकट गेली." हा सल्ला अनेक जण देतात. पण वाट पुढे बुजलेली असेल, तर दारवानाला घालवून काय उपयोग? शिवाय थर्मोस्टॅट नसला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि इंजिनाची झीजही वाढते.

लोणावळ्याचा मिस्त्री आधी गार इंजिनाचे तेल पाहतो. ते स्वच्छ आहे. झाकण काढून इंजिन सुरू करतो. बुडबुडे नाहीत. गॅस्केट शाबूत आहे. मग झाकण लावून इंजिन गरम होऊ देतो, बंद करतो आणि रेडिएटरवर ओल्या फडक्याने पाण्याचे शिपके मारतो. वरच्या भागावरील थेंब भराभर सुकतात. खाली तापमान हळूहळू कमी होत जाणे स्वाभाविक आहे. पण मधोमध एक मोठा पट्टा ओलाच राहतो. तेथे गरम पाणी पोचतच नाही!

"साहेब, गाडीत पाणी कुठलं घालता?" मिस्त्री विचारतो.

"घरच्या बोअरचं," मामा म्हणतात.

कोडे सुटले. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. ते पाण्यात विरघळत नाही. चहाच्या भांड्याच्या किंवा गिझरच्या आत जमणारा पांढरा थर तो हाच. उष्णता वाहून नेण्याची या थराची क्षमता लोखंडाच्या सुमारे एक विसांश आणि तांब्याच्या त्याहूनही कितीतरी कमी असते. म्हणजे हा थर इंजिनाच्या आत गोधडी पांघरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांतून बारीक सळया घालतो व त्या मोकळ्या करतो. पुढे मात्र गाडीत शुद्ध केलेले पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट घालावे. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल गोडसर पण विषारी असते. म्हणून ते लहान मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावे.

मग हा दोष थंडीत का दिसला नाही? रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल, हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल, तर फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात हवा ४० अंशांवर गेली की फरक ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर दोन तृतीयांशच काम करतो. अर्धवट बुजलेला रेडिएटर हिवाळ्यात कसाबसा निभावतो आणि उन्हाळ्यात, चढावर, भरल्या गाडीत उघडा पडतो.

दुर्लक्ष केले तर?

चाळीस सेंटीमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड नेहमीपेक्षा १०० अंश अधिक तापले, तर ते सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. त्याखालचा लोखंडी ठोकळा तेवढ्याच तापमानवाढीने जेमतेम ०.४५ मिलिमीटर वाढतो. बोल्टांनी घट्ट आवळलेले हेड मग वाकते आणि गॅस्केट फाटते. याहून अधिक तापले, तर दट्ट्या सिलिंडरात अडकून इंजिन सीझ होते.

म्हणून काटा चढू लागताच, पाणी उकळण्यापूर्वीच गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी. ती न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे. त्यामुळे पंखा व पंप काम करीत राहतात. वाफ जोरात येत असेल किंवा पाणी गेले असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या, कोरड्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या पेल्यावर गार पाणी पडले की तो तडकतो, तसेच ओतीव लोखंडही तडकू शकते.

करून पाहा

१. वहीच्या कागदाची घडी घालून छोटी पेटी बनवा. तिच्यात पाणी भरून शिक्षकांच्या देखरेखीखाली मेणबत्तीवर धरा. ज्योत पाण्याच्या पातळीच्या खालीच राहील याची काळजी घ्या. कागद पेटत नाही. असे का होते, ते सिलिंडरच्या भिंतीशी ताडून पाहा.

२. गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट मागून आणा. तो दोरीने पाण्याच्या भांड्यात टांगा व पाणी तापवा. शेजारी तापमापी धरा. तो भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागते आणि पाणी निवताना कोणत्या तापमानाला बंद होते, ते टिपून ठेवा.

३. भांड्यात जमलेल्या पांढऱ्या थराच्या खपलीवर लिंबू पिळा. येणारे बुडबुडे कोणत्या वायूचे, ते वर्गात सांगा.

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. आजच्या मोटारींत पंखा विजेवर चालतो आणि तापमानावर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे लक्ष असते. अनेक विद्युत मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवावा लागतोच. यंत्रे बदलली, तरी उष्णतेचे नियम बदललेले नाहीत. आणि निदानाची रीतही तीच आहे. आधी पाहा, मग विचारा, मग तपासा आणि शेवटी पाना उचला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावण्यापूर्वी मात्र थांबा!